व्हायोलिनची थिअरी: नवशिक्याला नक्की काय काय लागते? (आणि घरात ‘सा’ की ‘दो’ यावर भांडण)

अळसांदे

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. मुलगी नऊ वर्षांची. जूनपासून व्हायोलिनला जाते, अर्ध्या मापाचे घेतलेय. सर पाश्चात्त्य पद्धतीचे. हात बऱ्यापैकी बसतोय, शेजाऱ्यांचा कुत्राही आता भुंकायचा थांबलाय. अडचण आहे ती वहीची. सरांनी थिअरीची वही घ्यायला लावली आणि त्यात स्टाफ, क्लेफ, की सिग्नेचर, टाइम सिग्नेचर, शार्प, फ्लॅट, स्लर, टाय असा एकदम मारा सुरू झाला. मी कॉमर्सवाली, मला यातले ओ की ठो कळत नाही.

घरात गाणे आहे, पण ते आपल्याकडचे. सासरे पेटी वाजवतात, देवळात भजनाला बसतात. ते म्हणतात, “हे ए-बी-सी-डी कशाला? सा धर आणि शिक.” सर म्हणतात दो-रे-मी. वहीत क्रॉचेट लिहिलेय, यूट्यूबवाला त्यालाच क्वार्टर नोट म्हणतो. परवा मुलीने विचारले, “आई, ए ची तार सा आहे की प? आजोबा काल सा म्हणाले, आज प म्हणतात.” मी भात उतू जातोय म्हणून उठून गेले.

तर दोन प्रश्न. पहिल्या वर्षात खरोखर कुठले शब्द लागतात? आणि सा, दो, ए यांपैकी कुणाचे ऐकू?

सोलकढी_स्ट्रेट

सासऱ्यांचे ऐका. घरात राहायचे आहे.

काजूबी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

चारतारा

मी मुलांना शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

वही आधी मिटा आणि व्हायोलिन घ्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत चार तारा: जी, डी, ए, ई. शेजारच्या दोन तारांत नेहमी सा-प चे अंतर. सासऱ्यांना पेटीच्या भाषेत सांगा, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. पाच खालच्या सप्तकातली, दोन आणि सहा मधल्या, तीन वरच्या. ते मिनिटभरात वाजवून दाखवतील.

आता स्टाफ. पाच रेघा आणि त्यांच्या मधल्या चार जागा. एक स्वर रेघेवर, पुढचा मधल्या जागेत, पुन्हा रेघेवर, असे वर चढत जायचे. सुरुवातीला जी वेटोळी खूण असते ती ट्रेबल क्लेफ. तिचे वेटोळे खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरते, ती रेघ जी. क्लेफचे काम एवढेच, एका रेघेचे नाव सांगणे. बाकीची नावे तिथून मोजायची.

मुलांना इंग्रजी वाक्ये घोकायला लावून रेघांची नावे पाठ करून घेतात, ते मी करत नाही. व्हायोलिनवाल्यांना त्याहून सोपी खूण आहे. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात मानेच्या टोकाशी खुंट्यांजवळ असताना, मोकळी तार आणि दुसरे बोट नेहमी मधल्या जागेत येतात, पहिले आणि तिसरे बोट नेहमी रेघेवर. चारही तारांना हेच लागू. डी ची मोकळी तार सगळ्यात खालच्या रेघेला खालून लटकलेली, तिथे पहिले बोट ठेवले की पहिली रेघ, दुसरे बोट पहिली जागा, तिसरे बोट दुसरी रेघ. पुढे ए ची मोकळी तार दुसऱ्या जागेत, ई ची चौथ्या जागेत. जी तारेचे स्वर स्टाफच्या खाली पडतात, म्हणून त्यांना छोट्या जादा रेघा काढाव्या लागतात, त्या लेजर लाइन. मूल कागदाकडे बघते आणि बोट आपसूक पडते. नाव मागाहून आले तरी चालते.

एवढे महिनाभर पुरे. शार्प-फ्लॅट उद्या लिहिते, आता क्लास आहे.

म्हापसेंकार

रेघ-जागेची युक्ती वाचून आमच्या घरचे व्हायोलिन कपाटावरून काढले. खरेच की हो! इतकी वर्षे वाजवतोय आणि हे कुणी सांगितले नव्हते.

मेस्ताचो_शिष्य

वरच्या ताईंना मान देऊन मतभेद नोंदवतो. व्हायोलिन घ्या, वही मिटा, हे उलटे झाले.

आमचे घर सासष्टीत, चर्चच्या शाळेला लागून. संध्याकाळी मेस्त, म्हणजे चर्चचे संगीत शिक्षक, मुलांना सोल्फ शिकवायचे. मी हिंदू मुलगा, पण मेस्तांनी कधी ना म्हटले नाही, बाकावर बसवून घेतले. पहिले कित्येक महिने वाद्याला हात नाही. नुसते गायचे, दो रे मी फा सोल ला सी, आणि गाताना उजव्या हाताने हवेत ताल द्यायचा. खाली, आत, बाहेर, वर. हात चुकला की मेस्त गाणे थांबवायचे, स्वर चुकला तर एकवेळ चालायचे. मग कधीतरी रबेक हातात आला. आमच्याकडे व्हायोलिनला जुने लोक रबेकच म्हणतात.

शब्द सगळे पोर्तुगीज होते. शार्पला (स्वर अर्धा वर) सुस्तेनीद, फ्लॅटला (स्वर अर्धा खाली) बेमोल, दोन्ही रद्द करणाऱ्या नॅचरलच्या खुणेला बेक्वाद्र, मात्रांच्या घराला कोंपास. तुमच्या वहीतला क्रॉचेट म्हणजे आमचा सेमीनिम. नावे बदलली, स्वर तोच. त्यामुळे मुलीला सांगा, वहीत जे लिहिलेय तेच परीक्षेत लिही. बोलताना घरी काहीही म्हणा.

आणि या सोल्फवरच गोव्याचे लोक मुंबईत पोटाला लागले हे विसरू नका. सिनेमाच्या वाद्यवृंदात संगीतकार चाल गुणगुणून दाखवायचा, ती कागदावर उतरवून तीस-चाळीस वादकांना वाटणारे आणि कागद पुढे आला की तिथल्या तिथे वाचून वाजवणारे बहुतेक आपलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ साली ते नाव हिंदी गाण्यात आले आणि देशभर झाले, पण गाणे ऐकणाऱ्या किती जणांना माहीत होते की असा माणूस खरा आहे?

काजूबी

अँथनी गोन्साल्विस खरे होते?! मला आजवर वाटायचे की अंड्यातून बाहेर येणारा तो अमिताभच.

परदेशी_पाखरू

@काजूबी, खरे होते. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, भारतीय रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना केल्या. शेवटची बरीच वर्षे गोव्यात होते. २०१२ साली गेले.

पेटीमास्तर_पेडणे

अँथनीबाबांचे नाव निघाले तर आमच्या पेडण्यातल्या पार्से गावच्या श्रीधर पार्सेकरांचेही घ्या. व्हायोलिनवर राग वाजवणारा गोयंकार. त्यांनी काही सुस्तेनीद-बेमोल म्हणून वाजवले नसेल. मुद्दा असा की मुलीच्या आजोबांचे चुकले कुठे? सा धरला की बाकी सगळे सापडते. कोमल, शुद्ध, तीव्र एवढे तीन शब्द पुरतात. हे बारा-पंधरा शब्द पोराच्या डोक्यात कोंबून काय साधणार?

चारतारा

@पेटीमास्तर, आजोबांचे चुकलेले नाही. ए तार काल सा आणि आज प असू शकते. किंबहुना मुलीने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर म्हणजेच ‘की’.

ए, डी, जी ही स्वरांची पक्की नावे आहेत. ए म्हणजे ४४० हर्ट्झ, कुणीही वाजवा. सा हे नाव नाही, नाते आहे. तीच बाई सासरी सून आणि माहेरी मुलगी असते, तसे. धून डी मेजरमध्ये असली तर डी ची तार सा, ए ची प, जी ची खालचा म आणि ई ची वरचा रे. धून ए मेजरमध्ये असली तर ए ची तार सा झाली आणि ई ची प. आजोबांनी काल वेगळी धून घेतली असेल, आज वेगळी.

आता बोटांकडे बघा, कारण खरी मजा तिथे आहे. मेजर म्हणजे शुद्ध स्वरांचे सप्तक, आपला बिलावल. त्यात ग-म आणि नी-सा ही दोन अंतरे लहान, अर्ध्या स्वराची. पेटीवर पांढरी एक सा धरली तर नेमकी या दोन ठिकाणी मध्ये काळी पट्टी नसते. बाकीची अंतरे पूर्ण. डी मेजरमध्ये डी तारेवर येते सा रे ग म. ग-म जवळ, म्हणून दुसरे आणि तिसरे बोट एकमेकांना चिकटते. ए तारेवर प ध नी सा. नी-सा जवळ, म्हणून पुन्हा दुसरे-तिसरे चिकटते. दोन्ही तारांवर हाताचा साचा एकच! म्हणूनच सगळे मास्तर सुरुवात डी किंवा ए मेजरपासून करतात. सोपे स्केल म्हणून निवडलेले नाही, हाताला एकच आकार शिकावा लागतो म्हणून.

मग एक दिवस जी मेजर येते. जी तार सा, डी तार प, आणि ए तारेवर आता रे ग म प. ग-म अजून जवळच, पण ग पहिल्या बोटावर गेला आणि म दुसऱ्यावर. म्हणजे दुसरे बोट तिसऱ्याला सोडून पहिल्याला जाऊन चिकटणार. इथे मुलांचे हमखास बेसूर होते, कारण हाताला जुनी सवय. कागदावर याची खबर कोण देते? की सिग्नेचर. क्लेफच्या शेजारी दोन शार्प, एफ आणि सी, असतील तर डी मेजर. एकच, एफ चा, असेल तर जी मेजर. सी चा शार्प गेला म्हणजे ए तारेवरचे दुसरे बोट मागे घे. इतकाच त्याचा अर्थ.

अळसांदे

@चारतारा, तुमचे हे मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, “बाई शहाणी आहे.” आमच्याकडे याहून मोठे प्रशस्तिपत्रक नसते.

सोलकढी_स्ट्रेट

सासरी सून, माहेरी मुलगी, आणि क्लासला ड्रायव्हर. तो कुठला स्वर?

अळसांदे

@सोलकढी, मींड. इकडून तिकडे घसरत राहायचे.

मेस्ताचो_शिष्य

@चारतारा, ‘की’ सुरेख समजावलीत. एक भर घालतो. पोर्तुगीज पद्धतीत दो ही जागा पक्की असते, दो म्हणजे कायम सी, पेटीची पांढरी एक. त्यामुळे सरांचा दो आणि आजोबांचा सा एक नाही. इंग्रजांच्या टॉनिक सोल्फात मात्र डो सरकतो, आपल्या सा सारखा. मुलीचे सर कुठल्या शाळेतले आहेत ते विचारून घ्या. मडगावकडचे असले तर बहुधा पक्का दो.

पेटीमास्तर_पेडणे

म्हणजे तुमचा दो पक्का आणि सा कच्चा असे म्हणायचे आहे काय? :)

मेस्ताचो_शिष्य

@पेटीमास्तर, दो पक्का, सा फिरता, आणि चवथीला आरतीत दोन्ही बेपत्ता.

तीनताल

आरतीवरून आठवले, इथे सगळे स्वरांवर तुटून पडलेत आणि तालाला कुणी विचारत नाही. तबलजींचे नेहमीचे नशीब.

टाइम सिग्नेचरबद्दल. दोन आकडे एकावर एक असतात, तो अपूर्णांक नव्हे. वरचा आकडा सांगतो एका घरात किती मात्रा, खालचा सांगतो मात्रा कुठल्या खुणेने मोजायची. खाली ४ असेल तर क्रॉचेट, ८ असेल तर क्वेव्हर. क्रॉचेट म्हणजे काळा ठिपका आणि दांडी, क्वेव्हरला त्यावर एक शेपूट. सेमीब्रीव्ह चार मात्रा, मिनिम दोन, क्रॉचेट एक, क्वेव्हर अर्धी. अमेरिकन लोक त्यांनाच होल, हाफ, क्वार्टर, एट्थ म्हणतात. यूट्यूबवाला तिकडचा असेल. आणि प्रत्येक लांबीला तेवढ्याच लांबीची मौनाची खूण असते, रेस्ट. मुले रेस्ट गिळतात. तेवढे सरांना सांगून ठेवा.

आता गंमत. ३/४ आणि ६/८ दोन्हींत घराची एकूण लांबी सारखीच, सहा क्वेव्हर. मग फरक काय? ३/४ मध्ये वजन दोन-दोन-दोन असे पडते, ६/८ मध्ये तीन-तीन. पहिल्यावर वॉल्ट्झ नाचतात. दुसऱ्यासाठी लांब जायला नको, आपल्या कोंकणी गाण्यांत मांडो संपून दुल्पद सुरू होते तेव्हा घुमटावर (ते मातीचे तालवाद्य) हात कसा बदलतो ते ऐका. दुल्पदाची ती उडती सहाची चाल म्हणजे ६/८. मुलीला टाळ्या वाजवून ऐकवा, वही उघडायची गरज नाही.

पेटीमास्तर_पेडणे

सहा मात्रा, तीन-तीन. दादराच की.

तीनताल

@पेटीमास्तर, वजनापुरता दादरा म्हणा, हरकत नाही. पण ४/४ म्हणजे केरवा आणि ६/८ म्हणजे दादरा असे समीकरण मांडू नका. तालात सम आहे, खाली आहे, ठेका आहे. बारमध्ये, म्हणजे वहीतल्या त्या घरात, यातले काही नाही. पहिल्या मात्रेवर थोडे वजन आणि शेवटी उभी रेघ, झाले. तीनताल फिरून समेवर येतो त्याचा आनंद असतो. बार नुसता पुढे जातो. ज्या गोव्यात तबलजी खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयभास्कर झाला तिथे हे सांगावे लागू नये.

म्हापसेंकार

अवांतर: पावसात कुणाच्या खुंट्या अडकतात का? आमच्या जी ची खुंटी ऑगस्टभर हलतच नाही आणि उन्हाळ्यात आपोआप सुटते.

चारतारा

@म्हापसेंकार, सगळ्यांच्या. लाकूड दमट हवेत फुगते. जोर लावून पिळू नका, खुंटी तुटेल किंवा तार. खुंट्यांना लावायची पेस्ट मिळते ती लावा, व्हायोलिनच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाले की बो (गज) सैल करा. लहान मुलांच्या व्हायोलिनला खालच्या बाजूला चारही तारांना फाइन ट्यूनर बसवून घ्या. थोडीशी सूरजुळणी त्यावर होते, खुंटीला हात लावावा लागत नाही. ई ची तार नवीन असतानाही तुटते, तेव्हा एक जादा ठेवाच.

परदेशी_पाखरू

अळसांदे, एक वेगळा सल्ला. मुलीला दोन्हीकडचे शिकायचे असेल तर आत्ताच हिंदुस्तानी शैलीच्या क्लासला पाठवू नका. मी लहानपणी कांपालला पाश्चात्त्य शिकलो, नंतर पुण्यात हिंदुस्तानी. तिथे तारांची जुळणीच वेगळी, सा प सा प धर्तीची, आणि सा वादकाच्या सोयीचा. मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचे डोके उजव्या पायावर टेकवायचे, म्हणजे डावा हात मोकळा होतो आणि एकाच बोटाने तारेवर लांब घसरता येते. हनुवटीखाली धरून तसली मींड नीट येत नाही. एन. राजम यांचे वादन ऐका, गळ्यातून यावे तसे येते. त्यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे गायकी शिकून ती तारेवर उतरवली. पण दोन्ही जुळण्या एकाच वेळी शिकल्या तर लहान हात गोंधळतो, रेघ-जागेची ती युक्तीही मोडते.

ढोलताशा_नको

मुळात व्हायोलिन आपले वाद्यच नाही. इतके सगळे करण्यापेक्षा मुलीला सरळ सतार किंवा गाणे शिकवा. उगाच पोर्तुगीजांची गुलामी कशाला?

तीनताल

@ढोलताशा, आणि तुमच्या गावच्या भजनातली पेटी आळंदीहून आली काय? तीही युरोपातलीच.

परदेशी_पाखरू

@ढोलताशा, मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले. आज तिकडे त्याच्याशिवाय मैफल होत नाही. दोनशे वर्षांत वाद्य आपले होत नसेल तर मिरचीही परत करा.

सोलकढी_स्ट्रेट

मिरची नको! बटाटा परत करा हवा तर.

मेस्ताचो_शिष्य

मिरचीला हात लावाल तर याद राखा.

मे महिन्यात खुरसापुढे (क्रूसापुढे) लादीन, म्हणजे गाऊन प्रार्थना, होते तेव्हा रबेक वाजतो, आणि तेच वाजवणारे हात कधी गावातल्या संगीत नाटकालाही साथ करायचे. कुणाचे वाद्य हा प्रश्न आमच्या वाड्यावर कुणाला पडल्याचे आठवत नाही. बरे, बाई विचारतात काय आणि आपण कुठे पोहोचलो.

अळसांदे

चालू द्या, मला मजा येतेय. पण स्लर आणि टाय राहिले. आणि ते इटालियन शब्द. वहीच्या मागे पानभर आहेत, सगळे पाठ करायचे का?

चारतारा

स्लर आणि टाय दिसायला सारखे, दोन्ही कमानी. कमान एकाच स्वराच्या दोन खुणांना जोडत असेल तर टाय, दोन्ही मिळून एकच लांब स्वर. वेगवेगळ्या स्वरांना जोडत असेल तर स्लर, ते सगळे एकाच बो मध्ये, बो न फिरवता. स्वरावर ठिपका असेल तर स्टकाटो, तोडून वाजव. शेजारी ठिपका असेल तर स्वर दीडपट लांब. हे दोन ठिपके मुले हटकून गोंधळतात.

बो च्या दोन खुणा. इंग्रजी व्ही सारखी म्हणजे अप बो, बो टोकाकडून हाताकडे, हात वर. खालून उघड्या चौकटीसारखी म्हणजे डाउन बो. घराच्या पहिल्या मात्रेवर वजन असते म्हणून तिथे बहुधा डाउन बो येतो, हात खाली ओढताना जोर आपसूक मिळतो.

इटालियनमधले पहिल्या वर्षी पिझिकाटो म्हणजे बोटाने छेड, आर्को म्हणजे पुन्हा बो, पियानो हळू आवाजात, फोर्टे मोठ्याने, क्रेशेंडो वाढवत ने. लयीचे अलेग्रो जलद, आंदान्ते चालीच्या गतीने, अदाज्यो विलंबित. बाकीचे धुनेत येतील तेव्हा.

म्हापसेंकार

परीक्षेचे काय? आमच्या पुतण्याला थिअरीच्या मागे इतके लावले की त्याने वाद्यच सोडले.

चारतारा

@म्हापसेंकार, म्हणून घाई नको. इथे ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या दोन्ही संस्थांच्या परीक्षा मुले देतात. एबीआरएसएममध्ये वादनाच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे जायला पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या बरोबरीचे काही पास असावे लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे दिल्लीइतके दूर आहे.

मेस्ताचो_शिष्य

दूर आहे म्हणून टाळाल तर बाराव्या वर्षी एकदम डोक्यावर येईल. रोज पाच मिनिटे सोल्फ, नुसते गाऊन. मी माझा हट्ट सोडत नाही.

चारतारा

मेस्तांची गाण्याची गोष्ट मी मान्य करते. वाजवण्याआधी गाऊन घेतले की बोट निम्म्या वेळा बरोबर पडते. वाद्याला महिनोन्‌महिने हात लावू न देणे तेवढे मला पटत नाही. आजची मुले पळून जातील.

अळसांदे

सगळ्यांचे आभार. सध्या ठरवले ते असे. वही सरांच्या भाषेत, गाणे आजोबांच्या. सासऱ्यांनी पुठ्ठ्याचे चार तुकडे केलेत, त्यावर सा, प, म, रे. मुलगी धून बघून सांगते आज सा कुठल्या तारेचा, आणि तुकडे बदलून स्टँडला अडकवते. सरांनी ते पाहिले, हसले, काढायला नाही सांगितले. तिसरे बोट डी तारेवर नेमके पडले की शेजारची जी ची तार न छेडता गुणगुणते, हे आजोबांनीच कान लावून शोधले. आता दोघे तेवढ्यासाठीच अर्धा तास बसतात.

एक शंका. डी मेजरच्या धुनेत एका घरात सी ला नॅचरलची खूण आहे. त्याच घरात पुढे पुन्हा सी आहे पण खूण नाही. मुलगी दुसरा सी शार्प वाजवते. बरोबर की चूक?

चारतारा

चूक. घराच्या मध्ये आलेली खूण उभी रेघ येईपर्यंत त्या रेघेवरच्या किंवा जागेवरच्या सगळ्या स्वरांना लागू. म्हणजे दोन्ही सी नॅचरल, दुसरे बोट दोन्ही वेळा मागे. पुढच्या घरात पुन्हा शार्प, की सिग्नेचरप्रमाणे. जी तारेवरच्या खालच्या सी ला मात्र ही खूण लागत नाही, ती ज्या सप्तकात लिहिली तिथपुरतीच.

पेटीमास्तर_पेडणे

डी च्या सा ला सी नॅचरल म्हणजे कोमल नी. आजोबांना सांगा, त्या घरापुरता खमाज आलाय.

अळसांदे

सांगितले. पेटी ओढून बसलेत, मुलीला त्या घराच्या पुढे जाऊच देत नाहीत. सरांचा होमवर्क राहिलाय.

म्हापसेंकार

ई ची तार परत तुटली हो. म्हापशात कुठे मिळते का सुटी, की पणजीलाच जावे लागेल?